वर्षभराच्या बिनपगारी रजेत एकटीने पृथ्वीप्रदक्षिणा: आखणीची सुरुवात कोठून करावी?

रावेरची लेक

नमस्कार. मी मूळची रावेर तालुक्यातली असून गेली अकरा वर्षे पुण्यात एका औषधनिर्मिती कंपनीच्या गुणवत्ता तपासणी विभागात काम करते. वय ३४, अविवाहित. आमच्या कंपनीत दहा वर्षांच्या नोकरीनंतर एक वर्षापर्यंत बिनपगारी रजा मिळू शकते आणि माझ्या वरिष्ठांनी ती देण्याची तोंडी तयारी दाखवली आहे. या वर्षात पाठीवर एकच पिशवी घेऊन, एकटीने, पृथ्वीला पूर्ण वळसा घालावा अशी माझी फार जुनी इच्छा आहे. लहानपणी वडील केळीच्या वॅगन भरायला सावदा स्टेशनावर जात, तेव्हा मीही हट्टाने सोबत जाई आणि ती गाडी शेवटी कुठे पोचते हे त्यांना पुन्हा पुन्हा विचारत असे. १९२३ मध्ये मुंबईहून सायकलींवर निघालेले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा जग फिरून १९२८ मध्ये परतले, हे पुढे शाळेत असताना वाचले आणि तेव्हापासून हा विचार मनातून गेलेला नाही.

एकटीने प्रवास करण्याचा थोडा अनुभव आहे. नेपाळमध्ये दोन आठवडे आणि व्हिएतनाममध्ये तीन आठवडे मी एकटी फिरले आहे. प्रवासासाठी वेगळे ठेवलेले १४ लाख रुपये आहेत आणि त्याहून अधिक खर्च करायचा नाही, हे पक्के आहे. येत्या नोव्हेंबरमध्ये निघून पूर्वेकडे जात राहावे आणि पुढच्या दिवाळीपर्यंत पश्चिमेकडून परत यावे, असा ढोबळ बेत आहे. त्यासाठी विमान कंपन्यांच्या एखाद्या समूहाचे जगप्रदक्षिणेचे एकत्रित तिकीट आधी काढून टाकावे आणि मग व्हिसांच्या मागे लागावे, असे वाटते. हा क्रम योग्य आहे का? भारतीय पासपोर्टवर एका दमात वर्षभर फिरणे प्रत्यक्षात कितपत जमते? पैशांची व्यवस्था कशी ठेवावी?

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. आई-वडील रावेरलाच असतात. वडिलांना मधुमेह आहे आणि दोघांचाही आरोग्य विमा माझ्या कंपनीच्या सामूहिक पॉलिसीत आहे. त्यांनी मला अडवलेले नाही. आईने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "आखाजीले तरी घरी येशीन ना?" आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय तृतीया. तिला काय उत्तर द्यावे ते मला सुचले नाही.

पांझराकाठ

ताई, मी धुळ्याची. कोविडची बंधने उठल्यानंतर नोकरी सोडून नऊ महिने एकटीने फिरून आले आहे. तुम्ही जो क्रम लिहिला आहे, नेमका तोच क्रम मी धरला होता आणि त्याची किंमत मोजली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जगप्रदक्षिणेचे तिकीट वाईट नसते, पण त्याचे नियम आधी समजून घ्यावे लागतात. स्टार अलायन्स या समूहाच्या तिकिटावर एका वर्षाच्या आत जास्तीत जास्त १५ ठिकाणी थांबता येते, दिशा एकच धरावी लागते आणि अटलांटिक व पॅसिफिक हे दोन्ही महासागर एकेकदाच ओलांडायचे असतात. तारखा बदलणे त्यामानाने सोपे असते, मात्र मार्ग बदलला की नव्याने हिशेब होतो आणि पैसे भरावे लागतात. ज्या देशांच्या नागरिकांना बहुतेक ठिकाणी व्हिसाच लागत नाही, त्यांच्यासाठी ही रचना उत्तम आहे. आपल्या पासपोर्टवर मार्ग व्हिसा ठरवतो, तिकीट नव्हे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे युरोपचा शेंगेन व्हिसा. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांहून अधिक आधी करता येत नाही आणि तो सामान्यतः आपण जिथे कायदेशीर वास्तव्य करतो त्याच देशातून करावा लागतो. म्हणजे नोव्हेंबरमध्ये घर सोडून पुढच्या ऑगस्टमध्ये युरोपात उतरणाऱ्या भारतीय प्रवाशाला हा व्हिसा घरून नेता येत नाही आणि वाटेतल्या देशात तो पर्यटक म्हणून राहत असल्यामुळे तेथूनही सहसा मागता येत नाही. मी हनोईतल्या एका युरोपीय दूतावासात विचारणा केली, तेव्हा भारतातून अर्ज करा असे मला शांतपणे सांगण्यात आले. त्या उत्तरामुळे मला मध्येच परत यावे लागले आणि तिकिटाचे दोन टप्पे वाया गेले. त्या रात्री मी वसतिगृहाच्या जिन्यात बसून रडले होते. तुमच्यावर ती वेळ येऊ नये असे मला मनापासून वाटते.

म्हणून माझे सांगणे असे, की हा प्रवास दोन भागांत करा आणि मधल्या काळात महिनाभर घरी या. आखाजी एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मेच्या पूर्वार्धात येते. युरोपच्या व्हिसासाठी तुम्हाला त्याच सुमारास मुंबईत असणे भाग आहे. आईंना काय सांगायचे हा तुमचा प्रश्न आणि शेंगेनचा प्रश्न, दोहोंचे उत्तर एकच आहे.

पहिल्या भागाची सुरुवात जपानपासून करावी. जपानचा पर्यटन व्हिसा मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत वापरावा लागतो, त्यामुळे तो प्रवासाच्या शेवटी ठेवण्यात अर्थ नाही. शिवाय नोव्हेंबरच्या अखेरीस क्योतोच्या परिसरात मेपलची पाने लाल झालेली असतात. तेथून व्हिएतनाम, लाओस, थायलंड, मलेशिया असे दक्षिणेकडे उतरावे. व्हिएतनामचा ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा मिळतो, थायलंड आणि मलेशियात २०२५ मध्ये भारतीयांना अल्प मुदतीसाठी व्हिसा लागत नव्हता. इंडोनेशियात विमानतळावर ३० दिवसांचा व्हिसा मिळतो आणि तो एकदा वाढवता येतो. हे नियम वर्षागणिक बदलतात, तेव्हा निघण्यापूर्वी प्रत्येक देशाचे अधिकृत संकेतस्थळ स्वतः पाहावे, इतरांच्या जुन्या अनुभवावर विसंबू नये. माझ्याही नाही. ऋतूंचा एक भाग लक्षात ठेवा: ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मध्य व्हिएतनामच्या किनाऱ्यावर मोठा पाऊस असतो, त्यामुळे जपान आधी केल्याने तोही टळतो.

दुसरा भाग मेच्या अखेरीस मुंबईहून युरोपकडे. शेंगेनमध्ये कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही, आणि तुमच्या अंदाजपत्रकात तेथे ९० दिवस परवडणारही नाहीत. पाच-सहा आठवडे पुरेत. माद्रिदहून लिमाला थेट विमान आहे. पेरूच्या डोंगराळ भागात मे ते सप्टेंबर हा कोरडा काळ असतो, म्हणजे जुलैत तुम्ही योग्य वेळी पोचाल. तेथून मेक्सिको, मग अमेरिकेचा पश्चिम किनारा आणि पॅसिफिक ओलांडून फिजी. फिजीत भारतीयांना व्हिसा लागत नाही. १८७९ ते १९१६ या काळात करारबद्ध मजूर म्हणून तेथे नेलेल्या भारतीयांचे वंशज आजही आपली हिंदी बोलतात, आणि आठ-नऊ महिन्यांच्या परक्या भाषांनंतर ते बोलणे कानावर पडले की काय वाटते, ते मी येथे लिहून सांगू शकत नाही. फिजीहून सिंगापूरमार्गे मुंबई. पूर्ण वळसा या दुसऱ्या भागातच पडतो. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना तुमच्या दिनदर्शिकेतला एक दिवस नाहीसा होईल, तेव्हा फिजीतल्या निवासाचे आरक्षण करताना तारीख नीट मोजा.

या सगळ्याची किल्ली अमेरिकेच्या व्हिसात आहे. भारतीय पर्यटकांना तो बहुधा दहा वर्षांचा आणि अनेक वेळा प्रवेशाचा मिळतो. तो हाती असला की मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, आणि त्याची मुदत किमान सहा महिने शिल्लक असेल तर पेरूचाही लागत नाही. पण मुंबईत मुलाखतीची तारीख मिळायला कित्येक महिने जाऊ शकतात, म्हणून हा अर्ज सर्वांत आधी, म्हणजे याच महिन्यात करा. तुम्ही आज नोकरीत आहात आणि पगार खात्यावर जमा होत आहे, या गोष्टीला तेथे वजन असते. रजेचा बेत लपवू नका. त्याउलट कंपनीकडून रजा मंजुरीचे आणि अमुक तारखेला पुन्हा रुजू होण्याचे लेखी पत्र घ्या आणि विचारले तर ते दाखवा. वरिष्ठांची तोंडी तयारी व्हिसा अधिकाऱ्यासमोर ठेवता येत नाही. वर्षभराने वरिष्ठ बदलले, तर ती कंपनीतही उपयोगी पडणार नाही.

पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने हवी. तुमच्या पासपोर्टात पाने कमी उरली असतील, तर ३६ ऐवजी ६० पानांची पुस्तिका मागून नूतनीकरण करून घ्या, आणि हे अमेरिकेच्या अर्जापूर्वी करा.

सुरक्षिततेबद्दल मी एकच नियम कधी मोडला नाही: नव्या गावात अंधारात पोचायचे नाही, आणि पोचलेच तर स्थानकाबाहेर पडायचे नाही. पेरूत पुनो येथे माझी बस पहाटे चारला पोचली. मी स्थानकातल्या बाकावर, दुकान उघडायला आलेल्या एका आजींच्या शेजारी, उजाडेपर्यंत बसून राहिले. त्यांनी मला कोकाच्या पानांचा चहा दिला आणि आम्ही खुणांनी बोललो. प्रत्येक नव्या ठिकाणच्या पहिल्या दोन रात्रींचे आरक्षण आधी करा, पुढचे तेथे जाऊन ठरवा.

एक सूचना खास आपल्याकडच्यांसाठी. आई काळा मसाला बांधून देतील. त्यात खसखस असेल, तर आखाती देशांतून विमान बदलताना तो जवळ ठेवू नका. संयुक्त अरब अमिरातींत खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली निषिद्ध आहे आणि त्याची शिक्षा गंभीर आहे. बिबड्या आणि शेवया चालतात, पण अमेरिकेत आणि फिजीत उतरताना प्रत्येक खाद्यपदार्थ अर्जात लिहून जाहीर करावा लागतो.

अमळनेरकर

मी बँकेतून निवृत्त झालो असून परकीय चलनाच्या कामकाजाशी माझा अनेक वर्षे संबंध होता. वरील आखणीत एक आर्थिक लाभ आहे, तो आपल्या ध्यानात आणून देतो. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत विप्रेषण योजनेनुसार निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी नेता येते, त्यामुळे आपल्याला मर्यादेची चिंता नाही. चिंता उगमस्थानी गोळा होणाऱ्या कराची असते. १ एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंतच्या अशा रकमेवर तो लागत नाही, मात्र प्रवासासाठी त्यावर नेलेल्या रकमेवर २० टक्के कापला जातो. तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो, परंतु तोवर आपला पैसा अडकून पडतो. आपला प्रवास नोव्हेंबर ते पुढचा ऑक्टोबर असा असल्याने तो दोन आर्थिक वर्षांत विभागला जाईल. १४ लाखांपैकी काही रक्कम मार्चपूर्वी आणि उरलेली एप्रिलनंतर परकीय चलन कार्डावर भरली, तर हा प्रश्नच उद्भवणार नाही.

दोन वेगवेगळ्या बँकांची दोन कार्डे वेगवेगळ्या जागी ठेवावीत. परदेशातील यंत्रावर किंवा दुकानात "रुपयांत आकारणी करू का" असे विचारले जाते, तेव्हा नेहमी नकार देऊन स्थानिक चलन निवडावे, कारण रुपयांतील आकारणीचा दर आपल्या तोट्याचा असतो. रोख परकीय नोटा एका प्रवासासाठी साधारणतः ३००० डॉलरपर्यंत नेता येतात, पण एवढ्या नेऊ नयेत.

सर्वांत जास्त प्रवासी अडतात ते ओटीपीपाशी. बँकेशी जोडलेला मोबाइल क्रमांक वर्षभर चालू राहील असे रिचार्ज करावे आणि निघण्यापूर्वी भारतातच त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्यावे, कारण ती सेवा बाहेर गेल्यावर सुरू करण्यासाठीही बहुधा त्याच क्रमांकावर संदेश येतो. मधल्या वर्षाचे आयकर विवरणपत्र जुलैअखेर भरायचे असेल, त्या वेळी आपण पेरूत असाल. त्यामुळे मे महिन्यात घरी असतानाच कर सल्लागाराकडे कागद देऊन ठेवावेत. घरच्या व्यवहारांसाठी वडिलांच्या किंवा भावाच्या नावे मर्यादित मुखत्यारपत्र करून ठेवणे चांगले.

आता आई-वडिलांच्या विम्याचे. बिनपगारी रजेत सामूहिक पॉलिसी चालू राहते की नाही, हे कंपनीकडून लेखी विचारा. उत्तर काहीही आले तरी त्यांच्यासाठी स्वतंत्र पॉलिसी आजच घ्या, अथवा त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर मागा. मधुमेहासारख्या आधीपासूनच्या आजाराला नव्या पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षाकाळ असू शकतो, स्थलांतरात आधीच्या वर्षांचा लाभ मिळतो. १४ लाखांत हा हप्ता धरलेला नसेल तर मार्गातील एखादा देश कमी करावा, पण ही पॉलिसी टाळू नये, हे मी वडीलकीच्या नात्याने आग्रहाने सांगतो.

रावेरची लेक

आपण दोघांनी इतका वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. पांझराकाठताईंचा मजकूर मी आईला वाचून दाखवला. खसखशीपाशी ती थांबली आणि मसाला वेगळा करून देईन म्हणाली. म्हणजे तिने मनात मला पाठवलेलेच आहे.

काकांचे म्हणणे मला पूर्ण पटले. विम्याचा हप्ता मी धरला नव्हता. इंडोनेशिया कमी करते आहे.

पेरूत कुस्कोला जायचे आहे आणि जमल्यास अॅमेझॉनच्या जंगलातही आठवडाभर राहायचे आहे. त्यासाठी लसी कोणत्या घ्याव्यात आणि त्या जळगावात मिळतील का?

चाळीसगावचा डॉक्टर

थोडक्यात लिहितो. अॅमेझॉनसाठी पीतज्वराची लस घ्यावी. ती जळगावात मिळणार नाही, केवळ शासनमान्य केंद्रांवर मिळते आणि मुंबईत अशी केंद्रे आहेत. आधी वेळ घेऊन जावे. लसीचे प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. पीतज्वराच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशाकडे ते नसेल, तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते, म्हणून ते पिवळे कार्ड पासपोर्टसोबतच ठेवावे. अंड्याची तीव्र अॅलर्जी असल्यास केंद्रावर आधी सांगावे.

विषमज्वर, हिपॅटायटिस ए आणि श्वानदंशाची प्रतिबंधक लस आपल्याकडे घेता येते. श्वानदंशाची लस आधी घेतली तरी चावा झाल्यावर जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन पुढचे डोस घ्यावेच लागतात.

कुस्को सुमारे ३४०० मीटर उंचीवर आहे. आपल्या राज्यातले सर्वांत उंच कळसूबाई १६४६ मीटर आहे, म्हणजे तुमच्या शरीराला या उंचीची काहीही सवय नाही. लिमाहून विमानाने थेट गेलात तर पहिले दोन दिवस चढणे-उतरणे टाळा. डोकेदुखीसोबत उलटी, तोल जाणे किंवा बसल्या जागी धाप लागणे असे काही झाले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता खाली उतरा. जपानला जाताना सर्दीच्या गोळ्या तपासून न्या. स्यूडोएफेड्रिनचे प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त असलेली औषधे तेथे नेता येत नाहीत.

फैजपूरकर

मी प्रवासाचा जाणकार नाही. माझी मुलगी मागे चार महिने एकटी परदेशात फिरून आली, त्या काळात घरी काय झाले तेवढे सांगतो, कारण आपल्या आई-वडिलांच्या जागी मी उभा राहिलेलो आहे.

पहिल्या महिन्यात ती रोज बोलत असे. मग एके दिवशी डोंगरात संपर्क तुटला आणि दोन दिवस काही कळले नाही. त्या दोन दिवसांत आम्ही दोघांनी जेवणाला हात लावला नाही. नंतर आम्ही ठरवले, की रोज बोलायचेच नाही. दर रविवारी आपल्या वेळेप्रमाणे रात्री आठला ती फोन करायची, आणि मधल्या दिवसांत "पोचले" एवढाच संदेश. जिथे संपर्क नसेल तिथे जाण्याआधी ती किती दिवस गप्प राहील हे सांगायची. मग आम्ही निवांत झालो. देवघराशेजारी भिंतीवर तिच्या मार्गाचा कागद लावला होता, त्यावर तिची आई पोचलेल्या गावापुढे कुंकवाचे बोट लावत असे.

पासपोर्टची, विम्याची आणि कार्डांच्या मदत क्रमांकांची छापील प्रत घरी ठेवा. परदेशात अडचण आली तर परराष्ट्र मंत्रालयाचे "मदद" नावाचे पोर्टल आहे, त्यावर तक्रार कशी नोंदवायची हे घरातल्या एखाद्या तरुण मुलाला आधीच दाखवून ठेवा. म्हाताऱ्या माणसांना त्या वेळी सुचत नाही.

रावेरची लेक

काका, रविवारी रात्री आठ हे मी आजच घरी सांगितले. वडिलांनी शाळेतला जगाचा नकाशा माळ्यावरून काढून ठेवला आहे.

आतापर्यंत झालेले असे: रजेचा लेखी अर्ज सोमवारी दिला आणि त्यात रुजू होण्याची तारीख नमूद करून मागितली आहे. पासपोर्टात सहाच पाने उरली आहेत, म्हणून ६० पानांच्या पुस्तिकेसाठी अर्ज भरला. तो हाती आला की त्याच आठवड्यात अमेरिकेच्या व्हिसाचा अर्ज करेन आणि मुलाखतीची तारीख कोणती मिळते त्यावर पुढचे सगळे अवलंबून राहील. ती नोव्हेंबरच्या पुढची मिळाली, तर जपानला उशिरा निघायचे की मुलाखतीसाठी मध्येच परत यायचे, हे ठरवायला पुन्हा येथे लिहीन. एकत्रित तिकिटाचा विचार सोडला आहे. आईला आखाजीचे उत्तर दिले.